काचेवरचे सहाजण

३ फेब्रुवारी, सोमवार

आज भर वेटिंग रूममध्ये माझी इज्जत गेली. माझी म्हणजे माशांच्या टाकीची, पण माझ्या लेखी ते एकच. दाढ दाखवायला आलेल्या एक बाई टाकीपुढे उभ्या राहिल्या, काचेवर बोट फिरवून बघितलं आणि अकरा माणसांच्या देखत म्हणाल्या, "काचेवर एवढं शेवाळ! आत हत्यारं तरी धुतात की नाही कोण जाणे." लगेच दोन पेशंटना घरची कामं आठवली आणि ते उठून गेले. बावीस वर्षं मी या दवाखान्याच्या काउंटरवर बसते आहे, दोन माणसं एकदम उठून गेलेली पहिल्यांदाच पाहिली.

चिमणीने आतून सगळं ऐकलं. चिमणी म्हणजे आमच्या आताच्या डॉक्टर. तोंडावर मी तिला मॅडम म्हणते, पण दोन वेण्या घालून माझ्या काउंटरखाली लपायची तेव्हापासून ती मनात चिमणीच आहे. संध्याकाळी म्हणाली, "मावशी, एक एप्रिलला रंगारी येतोय. त्याआधी टाकी काढून टाकू. तिथे टीव्ही लावू."

मी म्हटलं, "आणि मोठे डॉक्टर?"

मोठे डॉक्टर म्हणजे तिचे वडील. दवाखाना त्यांचाच. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी स्वतःहून खुर्ची लेकीच्या हवाली केली आणि वरच्या मजल्यावर राहायला लागले. रोज सकाळी दहाला जिना उतरून येतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत टाकीसमोर बसतात. ही टाकी त्यांनीच आणली, घाबरणाऱ्या पोरांसाठी.

"बाबांनी जिना उतरूच नये," चिमणी म्हणाली. "मागच्या महिन्यात पायरी चुकली होती त्यांची. टाकी नसली की येणारही नाहीत. वर त्यांच्यासोबत एक बाई ठेवते."

माझं डोकंच सणकलं. एवढ्या मोठ्या माणसाला वर कोंडून ठेवायचं, आणि कशापायी, तर शेवाळ! मी म्हटलं, "एक एप्रिलपर्यंत काच आरशासारखी करून दाखवते. नाही झाली तर टाकी मी स्वतः उचलून देईन."

"मावशी, तुम्ही दर महिन्याला घासता. आठ दिवसांत परत हिरवी."

"आता माणसानं घासायचीच नाही," मी म्हटलं. "माशानं घासायची." असा मासा असतो एवढं ऐकून होते. बाकी काही माहीत नव्हतं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कुणाला सांगणार नाही, फक्त इथे लिहिते. दातांवरचं कीटण काढायच्या हत्याराने काचेवरचं शेवाळ का निघू नये, असं सकाळी माझ्या मनात आलं. निघालं. शेवाळासोबत काचही निघाली. टाकीच्या ऐन मधोमध आता एक वाकडी रेघ आहे, थेट कुणाच्या तरी मिशीसारखी. टाकीतलं झाड त्या रेघेपाशी सरकवून ठेवलं आहे. आमची नर्स, जिला मी टिवटिव म्हणते, कारण चाळीशी उलटली तरी तिचं तोंड क्षणभर मिटत नाही, तिने विचारलं, "झाड इकडे कसं आलं?" मी म्हटलं, "वाढलं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, एका गालावर हात धरून बसलेला. मी म्हटलं, "काच साफ करणारा मासा द्या." तर हा मलाच प्रश्न विचारायला लागला. टाकी केवढी? आत कोण कोण आहे? शेवाळ कसलं, केसांसारखं की धुळीसारखं? दिवा किती तास असतो? मी म्हटलं, "शेवाळ हिरवं आहे. मासा द्या."

त्याने एक काळा, ठिपक्यांचा, काचेला तोंडाने चिकटणारा सकर मासा दाखवला. म्हणाला, हा हातभर वाढतो आणि खातो त्याच्या दुप्पट घाण करतो. असला नातेवाईक कशाला हवाय आणखी! शेजारच्या टाकीत एक सोनेरी सकर काचेला तोंड लावून असा काही राबत होता की मी तिथेच भाळले.

"हा लहानपणीच काम करतो, ताई," दुकानदार म्हणाला. "मोठा झाला की शेवाळ सोडतो. चपट्या माशांच्या अंगाला जाऊन चिकटतो. तुमच्याकडे एंजल मासे आहेत ना?"

"आमच्याकडे आला की शिस्तीत राहील," मी म्हटलं. आणि घेऊन आले. संध्याकाळपर्यंत त्याने कोपऱ्यात वहीच्या पानाएवढी काच लख्ख केली! मी सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवली. चिमणी "हं" म्हणाली. उद्या "वा" म्हणेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चिमणी "वा" काही म्हणाली नाही. त्या सोनेरी दरोडेखोराने पांढऱ्या एंजलच्या कुशीला तोंड लावून तिचे खवले सोलले. मी काउंटरवरून पाहत होते आणि मला काही कळलंच नाही, वाटलं खेळतायत. मोठ्या डॉक्टरांनी ओळखलं. म्हणाले, "रजिस्टरबाई, ती पांढरी बाई एका बाजूला कलून पोहतेय. तिला दुखतंय." ते मला पहिल्या दिवसापासून रजिस्टरबाईच म्हणतात. चाळीस वर्षं लोकांचे चेहरे वाचलेला माणूस, माशाचाही वाचतो.

सकर पिशवीत घालून परत नेला. दुकानदार "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही, त्यामुळे मला आणखीच लाज वाटली. मग मी मुकाट्याने त्याच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. दिवा सकाळी सातपासून दवाखाना बंद होईपर्यंत. खाणं सकाळी एक चिमूट.

"एकच चिमूट?" तो म्हणाला. "मग पाण्याला वास का येतोय? ताई, कोणीतरी भरपूर घालतंय. ते सडतं, त्यावर शेवाळ पोसतं. मासा काय करणार बिचारा? आधी दिवा आठ तासांवर आणा, खाणं आवरा, निम्मं निम्मं पाणी बदला. मगच या. तोवर मी तुम्हाला मासा विकणार नाही."

गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. निघताना मी त्याला त्याच्या गालासाठी गुरुवारची साडेचारची वेळ दिली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चोर शोधायचा म्हणून काल खाण्याच्या डबीवर पेनने बारीक रेघ मारून ठेवली होती. आज दुपारी बघते तर खाणं रेघेच्या बोटभर खाली! मला टिवटिवचाच संशय. मी तिला भांडी निर्जंतुक करायच्या खोलीत गाठलं आणि फैलावर घेतलं. ती रडली. म्हणाली, "मी कशाला घालू? मला तर मासे बघूनच कसंतरी होतं." रडणं खरं वाटलं, पण मी माघार घेतली नाही.

मोठ्या डॉक्टरांची आपली गंमत चालूच होती. दहाला विचारलं, "रजिस्टरबाई, आज माशांना घातलं का?" मी म्हटलं, "हो." साडेदहाला तेच. अकराला तेच, आणि तेही इतकं गंभीर तोंड करून की मी हसत सुटले. थट्टा करायची जुनी खोड त्यांची. पुढे मी फोनवर होते तेव्हा ते डबी हातात घेऊन टाकीपाशी उभे होते. बहुतेक माझी रेघ तपासत असावेत.

दुकानदार साडेचारला आला. खालची दाढ किडली आहे, तीन वेळा यावं लागेल. खुर्चीत बसायच्या आधी पाच मिनिटं टाकीसमोर वाकून बसला. मिशीची रेघ त्याने लगेच पाहिली आणि काही बोलला नाही. चांगला माणूस आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

माझं डोकं काय चालतं! आमच्या ह्यांची रक्तदाबाची औषधं ठेवायला सात कप्प्यांची डबी आणली होती, वारांची नावं लिहिलेली. त्यांनी एक दिवसही वापरली नाही. ती दवाखान्यात आणली, प्रत्येक कप्प्यात माशांच्या खाण्याची एकेक चिमूट भरली आणि मोठी डबी ड्रॉवरमध्ये कुलूपबंद केली. आता घाल म्हणावं टिवटिवला!

कप्पा उघडायचं काम मोठ्या डॉक्टरांकडे दिलं. म्हटलं, "इथे तुमच्याशिवाय कुणावर माझा भरवसा नाही." किती खूश झाले! दहाला शनिवार उघडला, चिमूट पाण्यावर भुरभुरली, झाकण उघडंच ठेवलं. साडेदहाला उठले, डबीपाशी गेले, रिकाम्या शनिवारकडे बघितलं आणि शांतपणे येऊन बसले. अकराला पुन्हा तसंच. पण आज मला एकदाही विचारलं नाही. एवढ्याशा डबीची केवढी दक्षता!

चिमणी दारात उभी राहून हे बघत होती. मग ती डबी हातात घेऊन बराच वेळ नुसती फिरवत राहिली. म्हणाली, "मावशी, ही कुठे मिळाली?" संध्याकाळी तिने तसल्याच दोन डब्या आणल्या आणि वर घेऊन गेली. वर तर मासे नाहीत. तिला काय करायच्यात देव जाणे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पाण्याचा वास गेला. दुकानदाराने त्याच्या दुसऱ्या फेरीत टाकी नीट तपासली आणि म्हणाला, "आता या." आज दुपारी गेले.

त्याने जे दाखवलं ते बघून मी म्हटलं, "हे? हे मासे आहेत की जिरं?" बोटाच्या पेराएवढे, करडे, अंगावर एक काळी पट्टी. नाव ओटो. पण हेच म्हणे खरे काच घासणारे. धुळीसारख्या शेवाळावर जगतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत, आणि एकटे ठेवले तर झुरून मरतात, म्हणून घोळक्यानेच घ्यायचे. आठ घेतले. फार नाजूक आहेत. आपल्या टाकीचं पाणी त्यांच्या पाण्यात थेंबथेंब मिसळत दोन तास ठेवायचं, मगच आत सोडायचे. "नळीला गाठ मारून कसंबसं जमवा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "कसंबसं कशाला? आमच्याकडे सलाईनचा सेट आहे की!"

कोरा सेट फोडला. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खाली बादलीत, बादलीत आठ पेशंट. मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि नळीवरचं चाक हातात घेतलं. मला वाटलं, हात थरथरतायत, कसं जमणार? पण चाकावर अंगठा टेकला आणि हात असा स्थिर झाला की बघत राहावं. मनगटावरचं घड्याळ समोर धरून थेंब मोजले. "मिनिटाला साठ," म्हणाले. "पाऊण तासाने वाढवू." आणि पाऊण तासाने, मी आठवण न करता, वाढवले! अख्खी वेटिंग रूम भोवती गोळा झाली. आत जायला नको म्हणून आईच्या पदराला लोंबकळणारी एक चिमुरडी रडायचं विसरून बादलीत वाकून बसली. तिचा नंबर आला तेव्हा गपचूप आत गेली आणि माशासारखा आ वासून बसली.

चिमणी मास्क खाली करून बाहेर आली. "पेशंट कसे आहेत, बाबा?"

"स्थिर," मोठे डॉक्टर म्हणाले. मान वर केली नाही. ती तिथेच उभी राहिली, आणि डोळे का पुसले कुणास ठाऊक. दिवसभर तो झगझगीत दिवा डोळ्यांवर असतो, त्याने होत असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी असून गेले. दोन मेले. इतकुसे जीव, पण मी टाकीपुढे बसून चांगली रडले. हातातली पिशवीही खाली ठेवायचं सुचलं नाही. मोठे डॉक्टर खाली आले, रविवारचा कप्पा उघडला, मग म्हणाले, "आठातले सहा वाचले, रजिस्टरबाई. माझ्या पहिल्या वर्षी पेशंट याहून कमी परत यायचे." रडता रडता हसायला आलं.

१० मार्च, सोमवार

झाली! झाली म्हणजे झाली! ओटोंनी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली होती, आज उजव्या टोकाला पोचले. सहाजण काचेला तोंड लावून दिवसभर फरशी पुसल्यासारखे पुढे सरकतात. ना कुणाशी भांडण ना तंटा. काच इतकी स्वच्छ की मिशीची रेघ आता रस्त्यावरून दिसते. चिमणीने विचारलं, "ही काय आहे?" मी म्हटलं, "काच साफ झाली की असले जुने दोष दिसायचेच."

आणि आज कोण यावं? त्याच बाई, दाढवाल्या! टाकीसमोर उभ्या राहिल्या. मी काउंटरवरून बघत होते. काही बोलल्या नाहीत, काचेत बघून केस सारखे केले आणि जागेवर जाऊन बसल्या. बावीस वर्षांत एवढं समाधान मला कधी मिळालं नव्हतं.

चिमणी संध्याकाळी म्हणाली, "मावशी, जिंकलात. टाकी राहू दे." मी लगेच ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "कोण बोलतंय?" इतकी मी ओरडत होते.

आता नवी काळजी. शेवाळ संपलं तर सहाजण खाणार काय? दुकानदार म्हणाला, उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती द्या. ती तरंगते. मोठ्या डॉक्टरांनी दात साफ करायच्या दोऱ्याने ती दगडाला बांधली, गाठ अशी की सुटायची नाही. त्यांनी आता एक जुनं रजिस्टर मागून घेतलं आहे. रोज मासे मोजतात आणि तारखेपुढे आकडा लिहितात. ६. ६. ६.

२५ मार्च, मंगळवार

आज रजिस्टरमध्ये ७ लिहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर, सहा आहेत." म्हणाले, "सात. मी मोजले." मी हसले, पण मागे चिमणी उभी होती, तिचा चेहरा पडला. मला आत बोलावून हळूच म्हणाली, "मावशी, सकाळचं त्यांना आठवत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आता मोजताही येईना. मी वर बाई ठेवायचं पक्कं करते. एक तारखेपासून ते खाली नकोत. टाकी राहू दे, पण ते नकोत. जिन्यात काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

मी म्हटलं, "ते थट्टा करतात."

ती म्हणाली, "नाही, मावशी."

मला तिचा इतका राग आला की मी पर्स उचलून निघालेच. घरी येईपर्यंत तोच विचार. मला काय दिसत नाही की काय? दिसतं. पण सगळं दिसलं म्हणून तोंडाने बोलायलाच हवं असं थोडंच आहे!

२८ मार्च, शुक्रवार

तीन दिवस झाले. बुधवारी सात, गुरुवारी सात. चिमणीने त्यांच्या शेजारी बसून, बोट धरून मोजून दाखवलं. "एक, दोन... सहा. बघा, बाबा." ते टाकीकडे बघत राहिले. आज सकाळी रजिस्टर उघडलं तर सातचे तिन्ही आकडे खोडलेले आणि त्यांच्या पुढे, थरथरत्या हाताने, ६. कप्पा उघडायलाही उठले नाहीत. म्हणाले, "तुम्हीच घाला, रजिस्टरबाई. माझं काही खरं नाही."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चुकीचा दात उपटला नाही, तो म्हणतो माझं काही खरं नाही! मला जेवण गेलं नाही. काचेचं कौतुक नको नि काही नको असं झालं. उद्या मी स्वतः मोजणार. नीट.

२९ मार्च, शनिवार

चप्पल काढली तशी लिहायला बसले.

सकाळी लवकर गेले. दात बघायचा तो लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला, टॉर्च घेतली, स्टुलावर चढले आणि जबडा तपासावा तशी टाकी तपासायला लागले. दगडाची पाठ, गाळणीच्या नळीचा मागचा भाग. काही नाही. दहाला मोठे डॉक्टर आले आणि गुमान बसले. आत चिमणीचं मशीन घरघरत होतं, दुकानदाराची शेवटची फेरी होती.

मग मी तो आरसा झाडाच्या पानांखाली घातला. तेच झाड, मिशी लपवायला मी सरकवलेलं. पानाच्या उलट्या बाजूला, नखाएवढा, जवळजवळ आरपार दिसणारा, अंगावर केसासारखी काळी पट्टी...

मी अशी किंचाळले की आतलं मशीन थांबलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा काचेवर!" मी ओरडले. "आणि हा इथे! पिल्लू आहे! पिल्लू! सात!"

चिमणी हातमोज्यांसकट धावत आली. तिच्या मागे दुकानदार, गळ्यात कागदी रुमाल, अर्धा जबडा बधिर. त्याने आरशात बघितलं आणि जेवढं तोंड चाललं तेवढ्याने म्हणाला, "घरच्या टाकीत यांना पिल्लं सहसा होत नाहीत, ताई. तीस वर्षांत मी दोनदा पाहिलंय." चिमणी आरशात बघत राहिली, मग बाकावर बसली, पेशंटच्या बाकावर, आणि हसायला लागली, आणि तोच रडायलाही.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. आम्हालाच दिसलं नाही."

"मी मंगळवारपासून तेच सांगतोय," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी रजिस्टर ओढलं, पेन मागितलं आणि खोडलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी ठसठशीत ७ काढला. तिन्ही. मग आजचा. मग चष्म्यावरून लेकीकडे बघून म्हणाले, "आता मास्क लाव, चिमणे. पेशंट तोंड उघडं टाकून बाहेर आलाय."

मी टिवटिवची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल?" विसरलीसुद्धा. मी नाही विसरले, म्हणून मागितली.

१ एप्रिल, मंगळवार

रंगारी आला. म्हणाला, "ही टाकी कुठे हलवू?" चिमणी म्हणाली, "ती हलायची नाही. तिच्याभोवतीने रंगवा." त्याच्यासोबत एक सुतारही आला होता, त्याने जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला. वरच्या बाईचा विषय कुणी काढला नाही. टीव्हीचा तर नाहीच.

दहा वाजता कठड्याला धरून मोठे डॉक्टर उतरले. "रजिस्टरबाई, माशांना घातलं का?" मी डबी पुढे केली. मंगळवार भरलेला होता. त्यांनी उघडला, घातलं, मोजले. "सात." मीही मोजले. सात.

विजय कुणाचा म्हणाल तर माशांचा, आणि मासे निवडले कोणी? मी! हे मी आज दिवसभरात सगळ्यांना सांगितलं, रंगाऱ्यालासुद्धा.

निघताना उद्याच्या वेळा बघायला माझं रजिस्टर उघडलं. सकाळी दहाच्या खणात चिमणीचं अक्षर : "बाबा. मासे मोजणे." परवाच्या पानावर तेच. पुढच्या आठवड्यात तेच. मी उलटत गेले. वर्ष संपेपर्यंत प्रत्येक पानावर, रविवार धरून. बावीस वर्षांत माझ्या रजिस्टरला मला न विचारता कुणी हात लावला नव्हता.

दहाची वेळ आता मी कुणालाच देणार नाही.